कोपराचं माप

अंजनगावची गाडी काही लागत नव्हती, त्यामुळे अकोल्याच्या स्टँडवर बसलेल्या आचलच्या कानावर बाजूच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं आपसूकच पडत राहिलं.

"इनायतुल्लाभाई, गॅरेजमधल्या त्या टेबलाचे पाय कापा लागते."

"काहून, चंद्रभानभाऊ? गाडी विकून तुमी तिथं सुतारकाम मांडलं, तवा तुमच्याच कोपराचं माप घेऊन बनवलं ना मी?"

"मले बरोबरच आहे. पण सुभद्राचा खांदा भरून येते."

"भाभी रंधा मारतात?"

"नातीच्या पाळण्यापायी मी दोन फळ्या खराब केल्या. तिसरी तिनं हातात घेतली. आरशावानी गुळगुळीत केली, भाई! पण टेबल उंच, म्हणून विटेवर उभी राह्यते. परवा वीट सरकली, तवापासून गॅरेजात पाय टाकत नाही."

"भाभीचं कोपर किती उंचावर येते?"

"लग्नाले चाळीस वर्सं झाले, पण ते काही मोजलं नाही बा."

मग चंद्रभान आचलकडे वळले. "बाई, जराशी उभी राह्यतं का? ती तुह्याएवढीच आहे."

आचल उभी राहिली. "काका, काकू काम करताना चप्पल घालतात का?"

"नाही."

आचलनं चपला काढून ठेवल्या. इनायतुल्ला मिस्त्रींनी खिशातला टेप तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत सोडला.

"पाच इंच कापा."

"पाच? मंग मले वाकून काम करा लागन!"

"तुमाले कायचं काम? तुमी फळी धरा."