पालथा फोन

...पालथा! तुम्हाला सांगतो, जेवायला बसली की बुकिर्वा ताटाशेजारी फोन ठेवणार, तो पालथा! आता बायकोनं फोन कसा ठेवावा हा तिचा प्रश्न, मी काय म्हणणार? तसा मी संशयी माणूस नाही! पण आमच्या बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींच्या स्टँडवर तो लुबेगा आहे ना, स्वतःच्या दोन बायका पळून गेल्यात, तरी लोकांच्या संसारात अक्कल पाजळायला पुढे, तो म्हणतो, "काग्ग्वा, पालथा फोन म्हणजे काहीतरी काळंबेरं. कंपालात फोन पालथा की नवरा उताणा!" झालं! कानात किडा शिरला तो शिरलाच... मागे बसलेलं गिऱ्हाईक म्हणतंय डावीकडे, मी गाडी घालतोय उजवीकडे, तो माझ्या हेल्मेटवर टपल्या मारतोय...

रविवारी चर्चमधून आलो, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर मातोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, चापून खाल्लं आणि ती चटईवर आडवी झाली ती घोरायलाच लागली. तसा मी संशयी माणूस नाही, पण फोन समोर, अंगठा समोर, हात गप्प बसतो होय? हळूच तिचा अंगठा धरला, टेकवला. उघडेना! दुसरा टेकवला. उघडेना! अहो, उघडणार कसा? बाईची खानावळ, रोज ढीगभर कच्ची केळी सोलायची, चिकानं बोटं काळीठिक्कर, रेषा दिसतील तर ना! मग आणलं तेल, चिकाला तेलच लागतं, आणि बसलो अंगठा चोळत... चोळतोय, पुसतोय, टेकवतोय... आणि आवाज आला, "सालोंगो, या हाताची मालिश झाली असेल तर दुसरा देऊ का?"

सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. लाडानं तेच म्हणायची मला. म्हणायची!

मेलोच की हो! ओरडली असती तर बरं... ती नुसती उठून बसली, आकडे दाबले, आमच्या जुळ्यांच्या जन्माची तारीख, माझ्या टाळक्यात का आली नाही देव जाणे! फोन माझ्या मांडीवर ठेवला. "वाचा." वाचलं. चर्चमध्ये गाणाऱ्या बायका, केळीवाला, तिकडे मसाका गावी तिच्या आईचा दुखरा गुडघा... बस्स! म्हटलं, "अगं, मग पालथा का ठेवतेस?" तर म्हणाली, "दिवसभरात तेवढंच काय ते आपण बोलतो. मध्येच उजेड नको."

तेव्हापासून फोन उताणा. कुलूपसुद्धा काढून टाकलं! मी आपलं विचारतो, "आईचा गुडघा कसा आहे गं?" तर, "फोनमध्ये आहे. वाचा, सेबो." सेबो! खानावळीत गिऱ्हाइकाला म्हणते तसं! अहो, तो गुडघा ती मला लंगडून दाखवायची, आईसारखी कण्हायची, हसून हसून मला ठसका लागायचा... आता गुडघा वाचायचा! हात जोडले, म्हटलं, "मला नाही वाचायचं, तू सांग." तर म्हणते कशी, "मी सांगितलेलं खरं कशावरून?"

काल तर कहरच. पूर्वी दुपारी तिचा फोन यायचा, "जेवलात का?" एवढंच विचारायची. आता नाही येत. काल ती अंगणात पातेली घासत होती, फोन इथं उताणा पडलेला. मी काय केलं, त्यावरून माझाच नंबर लावला! माझा खिसा वाजला, तिचं नाव झळकलं... किती दिवसांनी हो! उचलला. एका कानाला तिचा, एका कानाला माझा. "जेवलात का?" "हो गं, जेवलो. तू?" दोन्हीकडून मीच!

बघतो तर ती दारात उभी. म्हटलं, आता विचारणार, एवढं गोड कोणाशी चाललंय? विचार गं बाई! घे हिसकावून, बघ एकदा माझा फोन! ...तिनं पातेलं ठेवलं आणि परत अंगणात गेली.

तसा मी संशयी माणूस नाही हो... आणि आता संशय घ्यायला तरी घरात राहिलंय काय?