सावकाश उतरणारा उजेड

अहो, तो नका घेऊ साहेब — तो जुन्या पिवळ्या बल्बांचा डिमर. एलईडीच्या माळांना लावलात की उजेड अर्ध्यावर येताच लागल्या लुकलुकायला, आणि तुमचे पाहुणे बसणार डोळे चोळत. मांडव केवढा म्हणालात? मग तीन वेगळे लावा — स्टेजचा एक, जेवणाच्या टेबलांचा एक, दाराचा एक. लोक सगळं एकावरच टाकतात, मग भाषणासाठी उजेड कमी केला की जेवणाऱ्यांच्या ताटातही काळोख. बटणाचा? छे, तो टप्प्याटप्प्याने उतरतो, लगेच कळतं. हा सरकवायच्या दांडीचा घ्या. किती सावकाश? आठ मिनिटांत पाव उजेडावर आणा, समोरच्याला पत्ता लागत नाही. डोळा सवय करून घेतो. केलंय मी, म्हणून सांगतो.

वडिलांच्या पंच्याहत्तरीला केलं. मांडव धाकट्या भावाने घातला, दिवे मी लावले — दोन दिवस शिडीवर होतो. आणि कार्यक्रमात मी कुठे? स्टेजमागे, पडद्याआड. ‘दादा, दिवे तुझ्याशिवाय कोण सांभाळणार?’ — गोड बोलायला शिकावं त्याच्याकडून. माईकवर सगळ्यांचे आभार मानले, आचाऱ्याचे, फुलवालीचे सुद्धा. मग म्हणे, ‘चला, घरचे सगळे फोटोला!’ गेले. जावई गेला, जावयाचा भाऊ गेला. मी फटीतून बघतोय — कुणीतरी मागे वळेल, वडील तरी वळतील. कशाचं काय! फोटो झाला, धाकटा भाषणाला उभा राहिला — ‘बाबांचा मुलगा म्हणून मी’ वगैरे — आणि मी दांडी खाली घ्यायला लागलो. अगदी केसाकेसाने. म्हटलं, बोल आता काळोखात.

त्याला कळलंच नाही हो. बोलतोय आपला. पण वडिलांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी त्याची बाही धरली — ‘अरे, दिवे चालू आहेत ना?’ माईकमधून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. हा म्हणतो, ‘आहेत ना बाबा, लख्ख आहेत!’ लोक हसले. वडिलांनी हात तोंडासमोर धरला, बोटं हलवून पाहिली. मी दांडी वर घेतली — पण हळूहळूच. झटकन घेतली असती तर कुणाचं काम ते कळलं असतं. तोवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढे दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. डॉक्टर सांगतात, दोन्ही डोळे ठणठणीत. वडील म्हणतात, डॉक्टर उगाच धीर देतोय, माझी नजर त्या दिवशीच गेली. दोन वर्षं झाली, एकटे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. धाकटा फोन करतो. पेपर मी वाचून दाखवतो, रोज, पहिल्या पानापासून. फिरायला माझा हात धरून येतात. माझाच! शेजाऱ्यांना सांगतात, हा थोरला नसता तर माझं काय झालं असतं. आता यात सांगायचं काय, आणि कशाला? सांगणार होतो — त्याच आठवड्यात सांगणार होतो, तोंड उघडलंही होतं, पण त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं, जन्मात कधी धरलं नव्हतं तसं, आणि मला वाटलं, राहू दे, अजून थोडे दिवस —

असे काय बघताय? तुम्ही डिमर घ्यायला आलात ना? मग? नको असेल तर नको म्हणा. चौकापलीकडे दुसरं दुकान आहे, तिथे बघा. जा, साहेब. मागे गिऱ्हाईक उभं आहे.