द्वारकाबाईची भांडी

करुणा : पातेलं शिवाच्या ढिगात अन् त्याचं झाकण दादाच्या ढिगात. आता एकानं पुण्यात डाळ शिजवायची अन् दुसऱ्यानं इथं संभाजीनगरात झाकायची का?

शिवराज : अक्का, चिठ्ठ्या टाकल्यात ना आपण? ज्याचं निघालं ते त्याचं. त्यांना सांग, झाकण ठेवून घ्या म्हणावं.

बन्सी : करुणे, त्याला म्हनाव, झाकन मला नको. पर चिठ्ठीत निघालंय, तर देनार बी नाय.

करुणा : सख्खे भाऊ एका सतरंजीवर बसलाय, गुडघ्याला गुडघा लागतोय. मी मधी बसून टपाल वाटू?

शिवराज : आईच्या दहाव्याला त्यांनी सगळ्या भावकीसमोर मला पाव्हणा केलं. 'पाव्हण्यांना पाट द्या!' आता पाहुण्यानं घरमालकाशी कसं बोलावं?

बन्सी : आई चार म्हैने हातरुनाला व्हती. शेंद्र्याच्या कंपनीतनं पाळी करून यायचं अन् तिचं समदं करायचं. ह्यो फोनवर इचारायचा, 'जेवली का?' पाव्हनेच इचारतात तसं.

करुणा : बरं बाबांनो! पाटल्या, पोत, बँकेतलं, समदं वाटून झालं चहा निवायच्या आत. तवा कुणी हूं का चूं केलं नाही. अन् भांड्यांवर सकाळधरनं बसलोय. दारात टेम्पो उभा हाय. टेम्पोवाला फकिरा सारखा आत डोकावून जातोय.

शिवराज : राहिलंय काय आता? तांब्याचं मोठं घंगाळ. त्याची चिठ्ठीच टाकली नाही.

करुणा : ते मला. माझी दोन्ही लेकरं त्यात न्हाली.

शिवराज : मी त्यात लपून बसायचो. आई गल्लीभर शोधायची.

बन्सी : अन् तिची शेवटची अंघोळ मी त्यातल्याच पान्यानं घातली. करुणे, त्याला सांग.

करुणा : मग न्या गुलमंडीवर, तांबटाकडं. तीन तुकडे करून आणा!

शिवराज : चालेल.

करुणा : अरं, मी रागानं म्हणाले!

शिवराज : नाही, बरोबर आहे. तांबं आहे, वजनावर सारखं वाटता येईल. फक्त कड्या दोनच आहेत.

बन्सी : दोन्ही कड्या त्यालाच दे म्हनाव. मला बुडाचा तुकडा पायजे.

करुणा : बुडाच्या तुकड्याचं करशील काय?

बन्सी : भिंतीला लावीन.

शिवराज : मग बूड मलापण हवंय.

(बाहेर गल्लीतून आरोळी : "नळ आलेऽऽऽ!")

करुणा : आले? आज? आपली तर पाळी नव्हती!

बन्सी : फुटलेली लाइन जोडली वाटतं. उठा, उठा! शिवा, मोटर लाव!

शिवराज : दादा, नळी कुठंय?

बन्सी : मोरीच्या मागं! आधी हंडे घे, हंडे!

शिवराज : कोणाच्या ढिगातले?

करुणा : हाताला लागंल ते उचल की रे! टाकी भरली का? माठ धर. कळशी धर. दादा, त्या पराती आण.

बन्सी : परातीत किती मावनार?

करुणा : मावंल तेवढं! गल्ली म्हणायची, नळ आल्यावर द्वारकाबाईच्या घरात वाटीसुद्धा कोरडी राहत नाही. तिला जाऊन महिना नाही झाला, अन् तू पराती कोरड्या ठेवतोस?

शिवराज : डबे भरू? पिठाचे?

बन्सी : धुऊन भर. इडलीपात्र बी घे.

शिवराज : त्याला भोकं आहेत, दादा.

बन्सी : भांडं भर म्हनलं, चाळन्या ऱ्हाऊ दे! अन् फकिराला बी हाक मार, त्याचा कॅन भरून दे.

शिवराज : तो कधीचा आत येऊन उभा आहे. अक्का, घंगाळ?

करुणा : काठोकाठ! हळू, पाय घसरंल. धार बारीक झाली बघ.

बन्सी : गेले. गेले नळ.

करुणा : वाटी राहिली का एखादी?

शिवराज : काही नाही राहिलं. तीर्थाची पळीसुद्धा भरली मी. बापरे! आता ढीग कुठला कोणाचा?

करुणा : खडूच्या खुणा केल्या होत्या की.

शिवराज : सगळ्या धुतल्या गेल्या.

बन्सी : खुना ऱ्हाऊ दे. टेम्पोत कसं भरनार? पुन्यापतुर पानी हिंदकळत नेनार का?

शिवराज : ओतून देऊ ना.

करुणा : काय ओतून देऊ?

शिवराज : पाणी.

बन्सी : वत की. तुझ्याजवळच हाय कळशी. मोरी समोर हाय.

करुणा : वत. आम्ही तिकडं तोंड करतो.

शिवराज : नाही होत. हातच उचलत नाही.

बन्सी : माझा बी नाय उचलायचा. भाजी धुतलेलं पानीसुदिक तिनं कवा फेकू दिलं नाय.

शिवराज : मग वापरून संपवू. भांडी रिकामी झाली की नेईन.

करुणा : ते संपायच्या आत परत नळ येतील.

शिवराज : तेव्हा भरायचं नाही.

बन्सी : आलेलं पानी भरायचं नाय?

शिवराज : हो, तेही जमणार नाही.

करुणा : मग ही भांडी ह्या घरातनं निघायची कवा?

बन्सी : रोज नळ यायला लागले म्हंजे.

करुणा : म्हणजे झालंच की.

शिवराज : फकिराला पाठवून देतो. अन् सोनियाला फोन करतो. पण तिला सांगू काय? भांडी भरलेली आहेत म्हणून आज येत नाही?

करुणा : तेच सांग. तुझी बायको जालन्याची हाय, तिथं बी पाण्याची हीच गत, तिला कळंल.

शिवराज : दादा...

बन्सी : बोल.

शिवराज : आईला अंघोळ घालायचास, तेव्हा ती काय म्हणायची?

बन्सी : काय म्हननार? खुर्चीत बसवायचो. डोळ्यात साबन गेला की शिव्या द्यायची. मला, करुणीला, समद्यांना. तुला जरा कमी.

शिवराज : मला कमी का?

बन्सी : त्यो लांब हाय, म्हनायची. त्याला ऐकू जायचं नाय.

करुणा : शिवा, कुठं निघालास रे?

शिवराज : प्यायला तांब्याभर पाणी घेतो.

करुणा : आता नको घेऊ. गढूळ आलंय, मी तुरटी फिरवलीय. सकाळपर्यंत कुणी हलवू नका. निवळू द्या.