दारूची गाडी आन मेंढरांची वाट

मी माणदेशातला, दहिवडीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, आमी धनगर, मेंढरांमागं पिढ्या गेल्या. शाळा म्हनाल तर तिसरीपातूर, तीबी गुरुजींनी छडी मारली आन मी तीच छडी मोडली म्हनून तिसरीच, न्हाईतर चौथी झाली असती. सही करतो. वाचतो बी, पर जोडाक्षर आलं की थांबतो. आमी दोघं भाव, थोरला आप्पा मेंढरांमागं ऱ्हायला, मी सांगलीत ट्रकवर किन्नर म्हनून लागलो, गाडी पुसायची, चढाला चाकाखाली दगड लावायचा, असं करत करत डायव्हर झालो. आमच्या वाडीत इंजिनावर हात टाकनारा पयला मानूस मी, हे लिवा बरं का मास्तर, ते गाळू नका.

बाहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या दोन वर्सांनी मला सातारच्या पश्चिमेला धरनाच्या कामावर घेतलं. डोंगर फोडून बोगदा चालला व्हता. माझ्याकडं दारूची गाडी. दारू म्हंजी सुरुंगाची, प्यायची न्हवं, प्यायची असती तर भ्यालो नसतो. जिलेटीनच्या कांड्या असत्यात, आन त्या उडवायला करंगळीएवढ्या टोप्या. कांडी गरीब असती, आपटली तरी सहसा काय करत न्हाई. टोपी चावरी. ठिणगी लागली, दगडाखाली ठेचली, की गेली. आन टोपी गेली तवा शेजारी कांड्या असल्या तर काय सांगू तुमाला, गाडी बी न्हाई, डायव्हर बी न्हाई, पुरायला काय ऱ्हात न्हाई.

म्हनून सांगलीकडनं माल आनताना लय कडक. कांड्या एका गाडीत, टोप्या दुसऱ्या गाडीत, दोन्ही गाड्यांत चांगलं अंतर, पुढंमागं लाल बावटा, गर्दीत उभं ऱ्हायचं न्हाई, गाडीपाशी बिडीकाडी न्हाई. ते मी डोळे झाकून पाळायचो. पर धरनाच्या फाटकातनं आत शिरलं की सगळं सुटायचं. आत दारूचं कोठार, तिथनं बोगद्याच्या तोंडापातूर तीन मैल कच्चा रस्ता, आन तिथं एकाच गाडीत कांड्या बी आन टोप्या बी, मधी फकस्त एक फळी. पयल्या दिवशीच मी साहेबाला म्हनलं, साहेब, हे बाहेर चालत न्हाई. साहेब तरना, भला मानूस, म्हनला, तात्या, ते नियम सरकारी रस्त्याचे. फाटकाच्या आतला रस्ता आपला. बाहेरचा माणूस आत येत नाही, मग जपायचं कुणाला. मी म्हनलं, मी हाय की आत. तर हसला, म्हनला, तू काय बाहेरचा आहेस का.

ते मला गोड लागलं. मी आतला. गप बसलो आन गाडी वढली. पर त्या तीन मैलांत मला भ्या वाटायचं. खड्डा आला की मागं त्या फळीचा आवाज यायचा, खट, आन मी गाडी मुंगीवानी चालवायचो. घरात बायकूला कदी बोललो न्हाई, डायव्हर भ्यालेला कुनाला सांगतो व्हय.

आता खरी चूक ऐका, ती साहेबाची न्हवं, माझी. तो आतला रस्ता व्हता ना, तो आमच्याच वाटेवर घातलेला. दिवाळी झाली की आमची मेंढरं माणातनं निघायची, घाट उतरून कोकनात जायची, भाताच्या खाचरांत खतासाठी बसवायला, आन वळवाच्या आत माघारी. ती वाट धरनाच्या फाटकानं अडली. दुसरी वाट डोंगराला वळसा घालून, चार दिस जास्त, तिला पानी न्हाई. आप्पाचा निरोप आला, तात्या, तू आत हायस तर बघ. मी फाटकावरच्या हवालदाराकडं गेलो, मिल्ट्रीतनं आलेला गडी, मिशीवर लिंबू ठेवावं असा. म्हनलं, कार्तिकात एक दिस, माघारी येताना एक दिस, फाटक उघडायचं. तो म्हनला, साहेबाला विचारलंस का. मी म्हनलं, साहेब काल आला, ही वाट माझ्या आज्या-पंज्यापास्नं हाय. हवालदार म्हनला, तुझ्या पंज्यानं सही केली तर उघडतो. पर उघडलं त्यानं, मला मानायचा. दोन वर्सं अशी मेंढरं गेली, साहेबाच्या कानावर काय गेलं न्हाई. वाडीत माझं नाव झालं, तात्यानं फाटक उघडलं.

तिसऱ्या वर्साला मेंढरं एक दिस आधी आली. हवालदारानं फाटक उघडून दिलं, मला ठावं न्हवतं. सकाळचं नऊधा झालं असत्याल, मी कोठारातनं माल भरून निघालो, कांड्यांच्या पेट्या, फळी, पलीकडं टोप्या. वळनावर आलो तर म्होरं सगळा रस्ता पांढरा. मेंढरं, मेंढरं, गाडीच्या दोन्ही बाजूनी, चाकांपाशी, बंपराखाली. इंजिन बंद केलं. गाडी उभी करायची न्हाई हा पयला नियम, पर करू काय, ती काय हॉर्नला भ्यात्यात. उतरलो आन पुढनं हाकलायला लागलो, हाड हाड करत. म्हनलं आप्पा मागं असंल, भेटूच.

आन मंग मागनं आवाज आला. टिक्.

मास्तर, धनगराच्या पोराला तो आवाज शिकवावा लागत न्हाई. चकमक. आप्पानं आगपेटी कदी वापरली न्हाई, गारगोटी आन लोखंड, त्यात कापूस धरायचा, चिलीम पेटवायची. टिक्. मेंढरांच्या पाठीवरनं बघितलं तर आप्पा माझ्या गाडीच्या सावलीला, मागच्या फळक्याला पाठ लावून निवांत बसलाय, मुंडासं मांडीवर. त्याच्या डोक्याच्या हातभर मागं टोप्या. खाली सांडलेला दारूचा काय कचरा असंल नसंल. त्याला काय ठावं, भावाची गाडी म्हनून टेकलाय.

पळून जावं तर मधी सगळी मेंढरं, पाय टाकाय जागा न्हाई. आप्पा थांब म्हनून वरडावं तर तो थांबून म्हननार, आरं ये की, चिलीम वढ, आन हात चालूच ठेवनार, मी ओळखतो त्याला, जल्मात कुनाचं ऐकलं न्हाई. टिक्. कापसाला धूर लागला का ते दिसत न्हाई. माझी खाकी इजार भिजली, हे बी लिवा, आता काय लाजायचं. आन मंग माझ्या तोंडातनं काय निघालं ठावं हाय का. लांडगा. मी बोंब ठोकली, लांडगा आला, लांडगा, मागल्या अंगाला.

ही आरोळी आमच्यात थट्टेनं कोन मारत न्हाई. लहान पोरानं मारली तरी चामडं लोळवत्यात. आप्पा उठला तसा गारगोटी एकीकडं, कापूस एकीकडं, काठी घेऊन कळपाच्या मागं धावला. कुत्री धावली. मेंढरं बिथरली, एकावर एक, चरात गेली, दोन गाभन मेंढ्यांचे पाय मोडले. मी मेंढरं तुडवत मागं गेलो, तो कापूस पायानं चेचला, चेचला, इझला तरी चेचतच ऱ्हायलो.

आप्पा माघारी आला, म्हनला, कुठाय लांडगा. मी म्हनलं, न्हाई आप्पा, गाडीत दारू हाय, तू ठिनगी पाडत व्हतास. तो गाडीकडं बघत न्हाई, मोडक्या मेंढीकडं बघतो. म्हनला, सांगायचं व्हतंस. मी म्हनलं, ऐकलं असतंस व्हय. त्यानं मेंढी खांद्यावर घेतली आन गेला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली न्हाई. कोठारावरच्या कारकुनाकडनं ते नियमाचं पुस्तक वाचून घेतलं, त्यानं मला फोडून सांगितलं, तात्या, आतल्या रस्त्याला हे नियम लागत न्हाईत, पर कवा, फाटक बंद असंल आन बाहेरचं कोन येत नसंल तवाच. बाहेरची मान्सं ये-जा करत असली तर आतला रस्ता बी रस्ताच. मी साहेबाम्होरं उभा ऱ्हायलो, कार्तिकातली वाट, चकमक, सगळं सांगितलं, हवालदाराचं नाव घेतलं न्हाई. म्हनलं, लोक जात्यात, म्हंजी नियम लागतो. दोन गाड्या करा, लाल बावटा द्या, न्हाईतर ही घ्या चावी. बोगद्यात पाळी खोळंबली, मुकादम शिव्या घालतोय, मी कोठाराच्या पायरीवर बसून. दुपारपातूर बसलो. मला वाटलं जितलो.

साहेब आला, म्हनला, तात्या, तुझं बरोबर आहे. आन त्यानं फाटकाला साखळी घातली. कायमची. दोन गाड्यांपेक्षा साखळी सोपी. बाहेरचं कोन येनार न्हाई, म्हंजी नियम लागनार न्हाई, आन कांड्या-टोप्या पुन्यांदा एकाच गाडीत. पुस्तकापरमानं सगळं रीतसर. मी चावी घेतली, कारन मीच पुस्तक म्होरं केलं व्हतं, आन पुस्तक त्यानं पाळलं व्हतं. धरन पुरं होईपातूर ती गाडी मीच वढली, रोज तीन मैल, रोज ती फळी खट करायची, आन फाटक बंद असलं म्हनून माझं भ्या कवा तोळाभर कमी झालं न्हाई.

आप्पाची मेंढरं त्या वर्सापास्नं वळसा घालून गेली. चार दिस जास्त, बिनपान्याचं. वाडीत म्हनत्यात, तात्यानं फाटक उघडलं आन तात्यानंच लावलं. आप्पानं एकदाच बोलून दाखवलं, बाजारात, चार मान्सांत, म्हनला, लांडगा खोटा न्हवता रं, खाकी घालून गाडीतनं उतरला व्हता.  तो जित्ता ऱ्हायला म्हनून मला असं बोलू शकला, एवढंच मनात म्हनलं. ते त्याला सांगितलं न्हाई. तो इचारत न्हाई, मी सांगत न्हाई, दोघं एकाच आईची.

आता दोघं म्हातारी. मेंढरं पोरांनी इकली. त्याचा सोपा आन माझा सोपा, मधी एक भिंत, कमरेएवढी. आमी बोलत न्हाई, सून भाकरी हिकडनं तिकडं देती तेवढंच. पर चकमक त्यानं सोडली न्हाई. दर सकाळी तो चिलीम काढतो, आन मारायच्या आधी दोनदा मोठ्यानं खाकरतो. त्याला खोकला न्हाई, मास्तर, सुनेला इचारा. त्यो खाकरतो, म्हंजी मी सावध होतो, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरतो. मंग तो मारतो. टिक्.

एवढं पुरं हाय मला. देव त्याला शंभर वर्सं चिलीम वढू दे.