दहावा हात

हलू नका मास्तर, हलू नका! — हो, चिकटलाय, माझा हातमोजा तुमच्या हाताला चिकटलाय, दिसतंय मला. हसा, पोटभर हसा, फक्त हात न हलवता हसा. चिरेवर हे जेल लावलं की वर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवायचा आणि मग तीन मिनिटं बोटानं दाबून धरायचं — चाचणीच्या आधीच्या नऊ जणांच्या वेळी आठवणीनं ठेवला, आणि तुमच्या वेळी बोलण्याच्या नादात विसरले. चूक कुणाची? तुमचीच! जन्मभर टाके घातलेला शिंपी समोर बसून विचारतो, "बाई, सुईदोऱ्याशिवाय कातडं जोडणार कसं?" — मग चेव येणारच की माणसाला. असो, मी माझा हात सोडवून घेतलाय, हातमोजा तेवढा राहिलाय तुमच्यापाशी. दहा मिनिटं हे मिठाचं पाणी मुरू दे, सुटेल. दुखतंय? कसं दुखेल, बधिर केलंय, आणि चीर ती केवढी — नखाएवढी. घरी बायकोला मात्र वीतभर सांगाल, ओळखून आहे मी.

काय म्हणालात — म्हाताऱ्या माणसांना चालेल का? न चालायला काय झालं! त्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप. म्हातारी कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, टाका घातला की टाक्यासकट फाटते. माझ्या आईच्या नडगीचे टाके तीनदा उसवले, चौथ्यांदा मी घरीच — आणि अकरा दिवसांत जखम अशी भरून आली — नाही, तसं नाही हो. म्हणजे — हो. हेच जेल लावलं. परवानगी नसताना, स्वयंपाकघरात, तिचा पाय स्टुलावर ठेवून. इतकं छान जमलं, पण सांगता कुणाला? तुम्हीही काही ऐकलेलं नाही, कळलं?

थांबा, सुटतोय — सावकाश — अहो मास्तर, बघा तरी! एवढी ओढ बसली, पण चीर उघडली नाही, रक्ताचा थेंब नाही! नऊ जणांत असं एकाचंही — पण हे धरता येत नाही. कागद विसरला, नियम मोडला, तुमचा हात बाद. काय? लिहायचंच नाही? कुणाला कळणार, म्हणता? कुणालाच नाही. दहा पुरे झाले की चाचणीची पुढची फेरी म्हाताऱ्यांची, दुसऱ्या डॉक्टरांकडे, त्यात आईचं नाव दिलंय. परवा तिचं कोपर पुन्हा सोललंय. रोज विचारते, "झाले का गं दहा?" वाईट वाटतं हो, फार वाटतं. पण एकदा लपवलंय मास्तर, ते अजून पचलेलं नाही.

हे बघा, लिहिलं — दहावा बाद, चूक माझी. खाली सही. आता नवा माणूस मिळेपर्यंत महिना जाईल.

उठा. पट्टी दोन दिवस भिजवू नका. नाही, तुमचा दुसरा हात नाही चालत, माणूसच नवा लागतो — अहो, जा म्हणते ना! जा. मला आईला फोन करायचाय.