उसाला गेलेत

अर्धा कोयता कोण घेतंय बे, असं पत्र्याच्या पलीकडून एक मुकादम म्हणाला, आणि त्याच्या सोबतचा हसून म्हणाला, मग दोन अर्धे जोडून टाक की, तिची पोरगी हाय आठवीला, आन् लिंबागणेशकडचं माझ्या मेव्हण्याचं पोरगं बी एकटंच हाय, दसऱ्याच्या आत उरकलं की झाला एक कोयता पुरा. पलीकडं चहाचं हॉटेल होतं आणि अलीकडं मी, चौसाळ्याच्या दूध संस्थेच्या खोलीत. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते, आणि बोलणं ऐकू येत होतं पण अर्थ लागत नव्हता. मी मंगलताईंना हळूच विचारलं, अर्धा कोयता म्हणजे काय हो. मंगलताई आमच्या मदत केंद्राच्या प्रमुख, आवाज असा की रस्त्यावरची एसटी थांबेल. त्या म्हणाल्या, अगं, ऊस तोडायला जोडी लागते, एकानं तोडायचा, एकानं मोळी बांधून गाडीवर चढवायची, म्हणून तोडणीची टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. मग जिची पोरगी जोडायची म्हणताहेत ती कोण, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, वरच्या वाडीची चंद्रकला असणार, दुसरं कोण.

काय सांगू तुम्हाला, माझा जन्मच साखर कारखान्याच्या कॉलनीतला, आणि मला कोयता माहीत नव्हता. पप्पा सहकारी कारखान्यात फिटर होते. कॉलनीला भिंत होती, भिंतीच्या पलीकडं तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आणि अलीकडं आमची इंग्रजी शाळा. हंगामात सकाळी भिंतीवरून चुलीचा धूर यायचा आणि आमचे युनिफॉर्म त्याच वासाचे व्हायचे, एवढाच आमचा संबंध. शाळेत मराठी बोललं की मॅडम रागवायच्या, आणि सुट्टीत पालीला आमच्या गावी गेले की इंग्रजी शब्द आला तरी चुलतभाऊ हसायचे, आली बघा राणीची पोरगी. म्हणून मी दोन्हीकडं गप्प बसायला शिकले. मी मनात आधी वाक्य तयार करते, मग ते तपासते, मग बोलायला जाते, तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो. अजून तसंच आहे. आज तुमच्याशी बोलतेय ते सुद्धा मंगलताईंनी ढकललं म्हणून.

मग दुष्काळ पडला, एक साल नाही, सालामागून साल. ऊसच नाही तर कारखाना काय गाळणार, धुराडं थंड झालं, आणि आम्ही कॉलनी सोडून पालीला आलो. पप्पांना घरात बसवत नव्हतं, शेजाऱ्यांचे बंद पडलेले पंप उघडायचे, साफ करायचे, परत बसवायचे, विहिरीत पाणी नसताना. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी नोकरी धरली. इकडं चौसाळ्याला जनावरं चारा छावणीला गेलेली, दूध बंद, संस्थेची खोली रिकामी पडलेली, म्हणून संस्थेच्या बायांनीच तिथं मदत केंद्र काढलं. दुधाचं फॅट मोजायचं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलंय, आणि खोलीला अजून आंबूस वास येतो.

माझं काम म्हणजे काय, तर घर एक असतं आणि ऑफिसं चार असतात. निराधार बायांना सरकार महिन्याला देतं तो पगार तहसीलमधून, धान्य रेशनवाल्याकडून, लेकरांच्या शिक्षणाची मदत तिसरीकडून, दवाखाना चौथीकडं. ह्या ऑफिसला त्या ऑफिसचं माहीत नसतं, आणि बाई बिचारी एकाच कामाला बीडला चार चकरा मारते, रोज बुडतो तो वेगळाच. तर ते सगळं एका जागी आणायचं, साहेबांना गावात बोलवायचं, एकाच्या कागदावर दुसऱ्याचं काम करून घ्यायचं. लोक मला फिरणारी मॅडम म्हणतात. म्हातारे विचारतात, मॅडम, तुमी बोलत कावून न्हाई, दात दुखतेत का.

ते पत्र्यापलीकडचं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चंद्रकलाबाईंच्या घरी गेलते. दारात रिकामे हंडे ओळीनं लावलेले, टँकर यायचा होता. त्यांची शीतल, ती आठवीतली, उंबऱ्यात बसून गणित करत होती, आणि मला बघून तिनं पाय आत घेतले. मी विचारलं, घरात कोण कोण. त्या म्हणाल्या, मी, पोरगी, आन् आत्याबाई, म्हणजे त्यांच्या सासूबाई. मालक कुठं असतात. तर मान न उचलता म्हणाल्या, उसाला गेलेत.

मी तसंच खरं मानून केंद्रावर आले, आणि मंगलताई कपाळावर हात मारून हसल्या. म्हणाल्या, तुझ्या शाळेत हे शिकवलं नसंल. अगं, तो कर्नाटकात कुठंतरी दुसरी बाई घेऊन राहिलाय, शीतल चालायला शिकली तेव्हापासून आलेला नाही. इकडं कुणी टाकलं म्हणत नाही, उसाला गेलेत म्हणतात. मी म्हणाले, पण सगळ्यांना माहीत आहे ना. त्या म्हणाल्या, माहीत असणं निराळं आणि बोलणं निराळं. तो उसाला गेलाय तोवर ती त्या घरची सून आहे, कपाळाला कुंकू आहे, भांड्याला हात लावायचा हक्क आहे. ज्या दिवशी टाकलं असं चारचौघांत ती म्हणेल, त्या दिवशी दीर म्हणेल, मग इथं कावून राहते, जा माहेरी. आणि माहेरी कोण बसलंय तिचं.

तेव्हा मला कळलं की सगळं कुठं अडतंय. तहसीलमध्ये निराधारचा अर्ज गेला की विचारतात, नवरा, तर उसाला, म्हणजे कमावता माणूस आहे, नामंजूर. शीतलच्या शिक्षणाची मदत मागितली की विचारतात, वडील, तर उसाला, म्हणजे आई-बाप दोघं आहेत, नामंजूर. तो माणूस घरात इतकी वर्षं नव्हता आणि तरी प्रत्येक ऑफिसात हिच्या आधी जाऊन खुर्चीवर बसलेला होता. आणि काहीच मंजूर होत नाही म्हटल्यावर घर चालवायला एकच रस्ता उरतो, पोरीचं लग्न लावा, कोयता पुरा करा. मी रात्रंदिवस तेच मनात घोळवत होते. बसमध्ये, जेवताना. माझ्या आठवीतल्या फोटोत मी स्पोर्ट्स डेचा बिल्ला लावून उभी आहे, तो फोटो मी घरच्या भिंतीवरून काढून ठेवला, कावून ते विचारू नका.

मग श्रावणात वाडीच्या शाळेच्या ओट्यावर शिबिर लावलं. नावाचा श्रावण, आभाळ कोरडं, मैदानात धुरळा. सगळी ऑफिसं एका ओळीत बसवली, त्याच्यासाठी मी महिनाभर फोन केले होते, फोनवर मला बोलता येतं, तोंड दिसत नाही ना. मंगलताई यायच्या होत्या, पण त्यांच्या गावचा टँकर अडला आणि त्या तिकडं भांडायला गेल्या. सगळं गाव जमलेलं. त्या दिवसांत मुकादमांचं नावं पक्की करणं चालू असतं, तर तो हॉटेलातला मुकादम पण लिंबाखाली तंबाखू मळत उभा होता, आणि त्याचं शीतलकडं लक्ष होतं. ती आजीचा हात धरून उभी होती.

चंद्रकलाबाईंचं नाव पुकारलं. तहसीलचे साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते. त्यांनी मोठ्यानं विचारलं, नवरा. मी बाईंकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हणा, एकदाच म्हणा, आणि मनातच म्हणत होते, कशाला म्हणाव्यात त्यांनी. बाईंनी पदर दातात धरला आणि म्हणाल्या, उसाला गेलेत. पोलीस पाटील चपलेकडं बघायला लागले. दीर छाती काढून उभा. साहेब म्हणाले, मग कसं जमणार बाई, कमावता आहे की, चला, पुढचं नाव. मुकादमानं तंबाखू तोंडात टाकली.

तेव्हा मी बोलले. काय बोलले ते शेवटी सांगते, मला अजून लाज वाटते. आधी पुढचं ऐका. मी बोलल्यावर पहिल्यांदा मागून एक म्हातारी फिस्सकन हसली, मग सगळ्या बाया हसल्या, आणि साहेबांनी पेन खाली ठेवलं. पोलीस पाटलांना म्हणाले, काय हो पाटील. पाटील काही बोलायच्या आधी सासूच पुढं आल्या, वाकलेल्या, काठी टेकत, म्हणाल्या, पोरगा माजा हाय, मी सांगते, त्यो आमाला मेला, ही माजी सून हाय आन् घर माज्या नावावर हाय, लिव्हा. दिराची छाती जागेवर गेली. चंद्रकलाबाईंना एक शब्द बोलावा लागला नाही, त्या नुसत्या खाली बसल्या.

सगळं झालं असं समजू नका. निराधारचं तहसीलच्या बैठकीत मंजूर झालं, पगार कधी येतो कधी थांबतो. शीतलचं अजून अडकलंय, अर्जावर बापाची सही नाही म्हणतात, मी परत बीडला जाणार आहे. पण ती नववीला आहे, शाळेतच आहे. मुकादम दुसऱ्या वाडीला गेला, तिथं पण एखादी शीतल असेलच, म्हणून मला रात्री झोप लागत नाही, पत्र्यापलीकडं कुणी हळू बोलायला लागलं की मी लिहायची थांबते. सासूबाई मात्र भेटल्या की माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडतात आणि म्हणतात, देव तुला असंच बोलतं ठेवो.

लोक आता रंगवून सांगतात, मॅडमनं साहेबाला कायदा सुनावला, इंग्रजीत झाडला. तसलं काही नाही. वाक्य तयार करायला वेळच मिळाला नव्हता, आणि आवाज एवढा मोठा निघाला की माझी मीच दचकले. मी एवढंच म्हणाले, साहेब, आता श्रावण चालूय, श्रावणात कुठला ऊस तोडतेत?