फुग्यातली सर्कस

आमच्या ह्यांना साधं काही जमतच नाही. चिनूच्या पाचव्या वाढदिवसाला कल्याणला आलेल्या सर्कशीची तीन तिकिटं काढली, तर ती सरळ तिच्या हातात द्यावी ना? नाही, केकवर टांगलेल्या मोठ्या फुग्यात घातली, गोळ्या-चॉकलेटांबरोबर.

फुगा फुटल्यावर बिल्डिंगमधली सगळी पोरं जमिनीवर तुटून पडली आणि तिकिटं शेजारच्या बंटीने पटकावली. हे परत मागायला गेले, तर चिनूच आडवी आली, "बाबा, फुग्यातलं ज्याला मिळेल त्याचं. तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना?"

रविवारी बंटी आईबाबांना घेऊन सर्कशीला गेला. जाताना त्याची आई धाकट्याला आमच्याकडे सोडून गेली. मग चिनूने ह्यांचा हत्ती केला आणि दोघं पाठीवर चढली.

सर्कस मीही बघितली, चहा पीत, तीही फुकटात.